परत आलेले रूळ

साकारी स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की एका बाजूला रूळ दिसतात आणि दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता. रुळांवर पांढऱ्या रंगाचा, निळ्या-लाल पट्ट्यांचा एकुलता डबा घरघरत उभा असतो. डांबरावर लाल बस येऊन थांबते. बसमधून उतरलेला माणूस फलाट ओलांडून चार पावलांत गाडीत जाऊन बसतो. २०११ च्या मार्चपर्यंत इथं दोन्ही बाजूंना रूळच होते.

डांबराची बाजू जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या ओफुनातो मार्गाची. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनं हा किनाऱ्यालगतचा मार्ग उद्ध्वस्त केल्यावर कंपनीनं रूळ पुन्हा घालण्याऐवजी त्याच पट्ट्यावर खास रस्ता बांधला आणि बस सोडली. बस सोयीची आहे, स्वच्छ आहे, वेळेवर येते, हे मान्य करायलाच हवं. पण १ एप्रिल २०२० ला हा तुकडा रेल्वेमार्ग म्हणून कागदावरूनही पुसला गेला. रुळांची बाजू सानरिकू रेल्वेची. तिचेही पूल, भराव आणि स्टेशनं त्याच लाटेत गेली होती. ती मात्र परत आली. तोहोकूत मी दोनदा हिंडले, एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस आणि एकदा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघताना मनात एकच विचार होता : कुठले रूळ परत येतात, आणि ते परत आणतं कोण?

तोहोकू म्हणजे होन्शू या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग. आओमोरी, इवाते, मियागी, अकिता, यामागाता आणि फुकुशिमा हे सहा प्रांत. मधोमध ओउ पर्वतरांग, पूर्वेला पॅसिफिक, पश्चिमेला जपानचा समुद्र. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे पश्चिमेच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि डोंगराला थडकून बर्फ ओततात. पावसाळी ढग सह्याद्रीला अडून कोकणात जे करतात, तेच इथं बर्फाच्या रूपात होतं. म्हणून एकाच दिवशी पश्चिमेच्या गावात छपरापर्यंत बर्फ असतो आणि पूर्व किनाऱ्यावर लख्ख ऊन.

तोक्योहून इथं यायला शिंकान्सेन आहे. शिन-आओमोरीपर्यंतचं सुमारे ६७५ किलोमीटरचं अंतर सर्वांत वेगवान हायाबुसा गाडी तीन तासांत कापते, काही टप्प्यात ताशी ३२० किलोमीटरच्या वेगानं. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी आपण घेतलेलं तंत्र याच शिंकान्सेनचं. या गाडीचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण तिच्यातून तोहोकू दिसत नाही. आवाज अडवणाऱ्या भिंती, बोगदे, पुन्हा भिंती. ती पोहोचवण्यासाठी आहे. बघायचं असेल तर सेंदाई, मोरिओका, अकिता अशा मोठ्या स्टेशनांवर उतरावं आणि फलाटाच्या अगदी टोकाला उभी असलेली एक-दोन डब्यांची डिझेल गाडी शोधावी.

या गाड्यांत बहुतेक वेळा चालक हाच सगळं काही असतो. जपानीत अशा गाडीला 'वानमान' म्हणतात. मागच्या दारानं चढायचं आणि दाराजवळच्या यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावर पाटी असते, तिच्यावर प्रत्येक आकड्यापुढे भाडं वाढत जातं. उतरताना आपल्या आकड्यासमोरचे पैसे आणि चिठ्ठी चालकाशेजारच्या पेटीत टाकायची. पहिल्या दिवशी माझी धांदल उडाली. सुट्टे नव्हते आणि मागे चार माणसं खोळंबलेली. चालकानं शांतपणे पेटीवरच्या मोडीच्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्याच बोटानं तो पुढे प्रत्येक सिग्नलकडे निर्देश करत होता आणि रंग मोठ्यानं उच्चारत होता, डब्यात ऐकायला कोणी असो वा नसो. डोळा, हात आणि तोंड एकाच गोष्टीवर आणलं की चूक कमी होते, हा जपानी रेल्वेचा जुना नेम आहे. पुढच्या काचेशी उभं राहून तासभर हे बघत राहण्यात मला एखाद्या घाटाइतकाच आनंद मिळाला.

सानरिकू रेल्वेची रिआस लाइन साकारीहून उत्तरेला कुजीपर्यंत १६३ किलोमीटर जाते. रिआस म्हणजे समुद्रानं बुडवलेल्या दऱ्यांचा, करवतीच्या दात्यांसारखा किनारा. प्रत्येक दात्यात एक खाडी, प्रत्येक खाडीत एक गाव, आणि दोन गावांमध्ये डोंगर. साहजिकच गाडी बोगद्यातून निघते, दहा-वीस सेकंद निळी खाडी दिसते, आणि पुन्हा बोगदा. कोकण रेल्वेनं रत्नागिरीच्या पुढे गेलेल्या कोणालाही ही लपाछपी ओळखीची वाटेल. इथं समुद्रासाठी डोळे सतत खिडकीला लावून ठेवावे लागतात.

या कंपनीचा जन्मच मुळात तोट्यातून झाला. सरकारी जपान नॅशनल रेल्वेज कर्जात बुडाली होती आणि १९८० च्या कायद्यानं ग्रामीण भागातले तोट्याचे मार्ग सोडून द्यायचं ठरलं. इवाते प्रांत आणि किनाऱ्यावरच्या गावांनी खासगी भांडवलाच्या जोडीनं १९८१ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १ एप्रिल १९८४ ला गाड्या सुरू केल्या. ना पूर्ण सरकारी ना पूर्ण खासगी, म्हणून अशा कंपन्यांना जपानमध्ये 'तिसरं क्षेत्र' म्हणतात. राष्ट्रीय रेल्वेचे मार्ग घेऊन उभी राहिलेली ही पहिलीच.

साकारीहून थोडं पुढे कोइशिहामा नावाचं छोटं स्टेशन लागतं. मूळ नावाचा अर्थ 'बारीक खड्यांचा किनारा'. २००९ मध्ये उच्चार तोच ठेवून लिपीतली चिन्हं बदलली आणि अर्थ झाला 'प्रिय किनारा'. तिथल्या निवाऱ्यात खाडीतल्या मोठ्या शिंपल्यांच्या माळा लटकतात. प्रत्येक शिंपल्यावर कोणीतरी आपली इच्छा लिहिलेली. वाऱ्यात ते एकमेकांवर आपटून खुळखुळतात. गाडी तिथं काही मिनिटं थांबली तेव्हा आम्ही सगळे उतरून ते वाचत होतो, न समजणाऱ्या लिपीतलेही.

पुढचा कुवादाई बोगदा लांबलचक आहे. २०११ मध्ये भूकंपाचा धक्का बसला तेव्हा या मार्गावरची एक गाडी याच बोगद्यात थांबली, म्हणून वाचली. साकारीला उभे असलेले डबे समुद्राच्या पाण्यात बुडून निकामी झाले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डब्यांवर कुवेतचं राजचिन्ह आहे आणि जपानी, इंग्रजी व अरबीत आभाराचा मजकूर. त्या आपत्तीनंतर कुवेतनं जपानला ५० लाख पिंप कच्चं तेल देणगी म्हणून दिलं होतं. त्या मदतीतून हे डबे आले. मी ज्या डब्यात बसले होते त्याच्या दाराशेजारी ते चिन्ह होतं. इवातेच्या कोपऱ्यातल्या एका मासेमारी गावात अरबी अक्षरं वाचायला मिळणं ही मोठी हृद्य गोष्ट वाटली.

या कंपनीचं सर्वांत मोठं काम झालं ते मात्र उत्तरेच्या टोकाला. लाट येऊन गेल्यावर अवघ्या पाचव्या दिवशी, १६ मार्चला, कुजी ते रिकुचू-नोदा या छोट्या पट्ट्यावर गाडी धावली. २० तारखेला मियाको ते तारो. पेट्रोल नव्हतं, रस्ते ढिगाऱ्याखाली होते, माणसं नातेवाइकांना शोधत होती. सुरुवातीला या गाड्यांत कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत. सगळा मार्ग पूर्ववत व्हायला २०१४ चा एप्रिल उजाडला, पण इथल्या लोकांच्या बोलण्यात तो पाचव्या दिवशीचा इंजिनाचा भोंगा येतो.

उनोसुमाई स्टेशनावर मी उतरले, कारण तिथलं रग्बीचं मैदान बघायचं होतं. मैदान आहे तिथं पूर्वी प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन शाळा होत्या. भूकंप झाल्याबरोबर मोठी मुलं धावत सुटली, त्यांना बघून लहान मुलंही निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले आणि सगळी उंचावर पोहोचली. शाळा पाण्याखाली गेल्या. त्या जागेवर उभारलेल्या मैदानात २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचे दोन सामने ठरले होते. पहिला, फिजी विरुद्ध उरुग्वे, २५ सप्टेंबरला झाला. दुसरा हागिबिस वादळामुळे रद्द झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये जेआरकडून कामाइशी-मियाको हा मधला टप्पा मिळाल्यानं सानरिकूचा मार्ग पहिल्यांदाच सलग जोडला गेला होता. सात महिने होतात न होतात तोच हागिबिसनं त्याचे पुन्हा तुकडे केले. २० मार्च २०२० ला तो पुन्हा सलग झाला. एवढ्या वेळा पडून उभा राहिलेला दुसरा मार्ग मी तरी पाहिलेला नाही.

कामाइशीहून एक फाटा आत डोंगरात हानामाकीकडे जातो. त्याच्या प्रत्येक स्टेशनाला एस्पेरांतो भाषेतलं एक टोपणनाव आहे, कारण हानामाकीचे कवी-कथाकार मियाझावा केंजी यांना त्या भाषेचा ध्यास होता. त्यांची आकाशगंगेतून जाणाऱ्या रेल्वेची गोष्ट जपानी मुलं लहानपणीच वाचतात. या मार्गाचा पूर्वज इवाते लाइट रेल्वे हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. हा आकडा वाचून मी थांबले. माझं बालपण बार्शीत गेलं, आणि १८९७ साली सुरू झालेली आमची बार्शी लाइट रेल्वेही नेमकी एवढ्याच रुंदीची होती. आमचे रूळ पुढे रुंद झाले आणि त्याचा गावाला फायदाच झाला. तरीही मियामोरीच्या कमानी पुलाखाली उभं राहून संध्याकाळची गाडी जाताना पाहिली तेव्हा कुर्डुवाडीच्या बाजूनं येणाऱ्या त्या चिमुकल्या डब्यांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

मियाकोच्या पुढे तारो येतं. १८९६ आणि १९३३ अशा दोन त्सुनामींत हे गाव जवळजवळ नाहीसं झालं होतं. त्यानंतर लोकांनी समुद्राकाठी दहा मीटर उंचीची भिंत बांधली. वाढत वाढत तिची लांबी जवळपास अडीच किलोमीटर झाली आणि जगभरचे अभ्यासक ती बघायला येऊ लागले. २०११ ची लाट तिच्यावरून आत आली. आता आणखी उंच भिंत आहे. फलाटावरून बघितलं तर समुद्राऐवजी काँक्रीटच दिसतं. देखाव्यासाठी आलेल्या प्रवाशानं इथं निराश होऊ नये. या किनाऱ्याचा खरा देखावा ही भिंतच आहे.

शिमानोकोशीला पूर्वी उंच खांबांवरून जाणारा मार्ग होता, तो स्टेशनासकट वाहून गेला. नव्यानं बांधताना खांबांऐवजी मातीचा भरभक्कम बांध घातला. आता रूळच गावाची दुसरी भिंत झाले आहेत. नंतर होरिनाईच्या आसपास मात्र सगळा हिशेब एकदम चुकता होतो. एका बाजूला डोंगर, खाली सुमारे तीस मीटरवर खाडीचं तोंड, आणि ओसावा पुलावर चालक गाडी चक्क थांबवतो. माहिती सांगतो, फोटो काढू देतो, मग निघतो. हे होरिनाई स्टेशन २०१३ मधल्या 'आमाचान' या एनएचके मालिकेत झळकलं. कुजीजवळच्या कोसोदे किनाऱ्यावर डुबकी मारून शिंपले आणि इतर समुद्रधन काढणाऱ्या आमा स्त्रियांची ती गोष्ट. मालिकेनंतर पर्यटकांची रीघ लागली आणि रेल्वेला उभं राहायला तिनं हातभार लावला.

कुजीहून हाचिनोहेला जाताना सानरिकूची हद्द संपते आणि जेआर पुन्हा सुरू होते. जेआरचा पास काढला असेल तरी सानरिकूचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, हे लक्षात ठेवावं. हाचिनोहे स्टेशनावर 'कोउता-झुशी' नावाचा एकिबेन मिळतो. एकिबेन म्हणजे स्टेशनावर विकला जाणारा जेवणाचा डबा. हा डबा शामिसेन या तंतुवाद्याच्या आकाराचा असतो, आत भातावर दाबलेले मासे, आणि तो कापायला वाद्य छेडण्याच्या 'बाची'सारखी सुरी. शाकाहारी माणसाची या भागात थोडी पंचाईत होते, कारण साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. आंबट उमेबोशी घातलेला भाताचा गोळा, ओनिगिरी, बहुतेक ठिकाणी मिळतो आणि गाडीत बसून खायला उत्तम.

आता पश्चिम किनारा. अकिताच्या हिगाशी-नोशिरोपासून आओमोरीच्या कावाबेपर्यंत १४७ किलोमीटरची गोनो लाइन १९३६ मध्ये पूर्ण झाली. पूर्वेला बोगदे समुद्र हिरावून घेतात, इथं मात्र समुद्र तासन्‌तास सोडतच नाही. रूळ कधी खडकांच्या इतके जवळ जातात की वादळी दिवसांत गाड्या बंद ठेवाव्या लागतात. या मार्गावर 'रिसॉर्ट शिराकामी' ही पर्यटकांची गाडी १९९७ पासून धावते. तिचे तीन संच आहेत : आओइके, बुना आणि कुमागेरा. पहिलं एका निळ्या तळ्याचं नाव, दुसरं बीच वृक्षाचं, तिसरं काळ्या सुतारपक्ष्याचं. तिन्ही शिराकामी डोंगररांगेतली, जिथलं बीचचं आदिम जंगल १९९३ पासून जागतिक वारसा आहे. सगळ्या जागा आरक्षित असतात. अकिताहून निघाल्यास 'ए' ओळीची जागा मागावी, ती समुद्राकडची.

गाडी दोन-तीन ठिकाणी दिशा बदलते. हिगाशी-नोशिरोला ती उलटी निघाली तेव्हा सगळ्यांनी उठून पायाखालची कळ दाबली आणि खुर्च्या वळवल्या. माझी खुर्ची मागच्या आजींनी वळवून दिली. पुढच्याच नोशिरोच्या फलाटावर बास्केटबॉलची जाळी टांगली आहे. इथल्या तांत्रिक शाळेनं राष्ट्रीय विजेतेपदं ५८ वेळा जिंकली, त्याचा हा अभिमान. गाडी थांबली की प्रवासी रांग लावून एकेक चेंडू टाकतात, जाळीत गेला तर छोटी भेट मिळते. सत्तरीतले एक गृहस्थ कोट काढून, बाह्या सरसावून उभे राहिले, आणि त्यांचा चेंडू अलगद आत गेला. सगळा फलाट टाळ्या वाजवत होता.

जुनिको स्टेशनला उतरून बसनं आत गेलं की ते आओइके तळं. शाई ओतावी तसं निळं, तळाशी पडलेली झाडं स्पष्ट दिसणारी. पण माझं मन रमलं सेंजोजिकीला. गाडी इथं पंधरा मिनिटं थांबते आणि प्रवासी थेट खडकांवर उतरतात. १७९२ च्या भूकंपानं समुद्राचा तळ वर उचलला आणि हा सपाट खडकाळ ओटा तयार झाला. त्सुगारूच्या सरदारानं त्यावर हजार तातामी चटया अंथरून मेजवानी दिली म्हणून हे नाव. भरती-ओहोटीनं भोकं पाडलेल्या खडकांत पाणी साचतं आणि त्यात आभाळ दिसतं. इंजिनानं दोनदा शिट्टी दिली की सगळे धावत परत येतात.

आजिगासावाच्या पुढे समुद्र सुटतो आणि सफरचंदाच्या बागा सुरू होतात. जपानची निम्म्याहून जास्त सफरचंदं एकट्या आओमोरीत होतात. ऑक्टोबरच्या अखेरीस फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, आणि मागे १,६२५ मीटर उंचीचा इवाकी पर्वत एकटाच उभा. याच टप्प्यात काही गाड्यांत पहिल्या डब्यात दोन कलाकार त्सुगारू शामिसेन वाजवतात. अंध भटक्या वादकांनी घडवलेलं हे वादन. बाची तारांवर आणि कातड्यावर एकाच वेळी आपटते, त्यामुळे त्यात तंतू आणि ताल दोन्ही असतात. आपल्याकडच्या एकतारीच्या शांतपणापासून ते फार दूरचं आहे. ते बर्फाच्या वादळात दारोदार ऐकू जावं म्हणून मोठं झालेलं संगीत आहे.

ते वादळ मी फेब्रुवारीत पाहिलं. गोशोगावाराहून त्सुगारू रेल्वेचा २०.७ किलोमीटरचा खासगी मार्ग निघतो, १९३० साली सुरू झालेला. डिसेंबर ते मार्च या काळात इथं 'स्टोव्ह ट्रेन' धावते. जुने डबे, लाकडी जमीन, आणि डब्यात ढेरपोट्या लोखंडी शेगड्या, त्यांत दगडी कोळसा. रेल्वेचा माणूस फावड्यानं कोळसा टाकून जातो. विक्रेतीकडून सुकवलेली माकूल घ्यायची, ती आपल्यासमोर शेगडीवरच्या जाळीवर भाजून, फाडून देते. डब्यात तो वास दरवळला आणि मला मालवणच्या एका घरातली, चुलीवर सुके बोंबील भाजणारी संध्याकाळ आठवली. बाहेर सपाट शेतांवरून वारा पडलेला बर्फ उचलून आडवा फेकत होता. आभाळातून काहीच पडत नव्हतं, तरी दहा पावलांवरचं दिसेना. या जमिनीवरच्या हिमवादळाला 'जिफुबुकी' म्हणतात. कानागीत तर पर्यटकांना घोंगडीसारखी शाल आणि पायात काठ्यांच्या चपला घालून त्यात मुद्दाम चालवतात.

कानागी हे ओसामू दाझाई या लेखकाचं जन्मगाव. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं भव्य घर आज संग्रहालय आहे. आत फिरताना लाकडाच्या त्या वैभवाचं दडपण येतं. असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या लेखनात एवढा अपराधीपणा का, हे तिथं थोडंफार उमगतं. स्टेशनावर परतले तेव्हा चालक आणि स्टेशनवरचा कर्मचारी टोकनचं कडं बदलत होते. एका पट्ट्यावर एकच गाडी असावी यासाठीची ही जुनी पद्धत. लहानपणी धावत्या गाडीतून कडं झेलणारे हात पाहिले होते, त्यानंतर आत्ताच.

आओमोरीहून उत्तरेला त्सुगारू सामुद्रधुनीकडे मिन्मायापर्यंत जेआरचा मार्ग जात होता. ऑगस्ट २०२२ च्या पावसानं तो कानिताच्या पुढे तुटला. त्याच पावसानं गोनो लाइनही तोडली होती. गोनोवर गाड्या त्याच डिसेंबरात परत आल्या, मिन्मायाच्या तुकड्यावर आल्या नाहीत, आणि तो कायमचा बंद करून बस व मोटारगाड्या चालवण्यावर २०२४ मध्ये सहमती झाली. एकाच पावसाचे हे दोन निकाल. एका मार्गावर रिसॉर्ट शिराकामीचे प्रवासी होते, दुसऱ्यावर मोजके गावकरी. हा हिशेब मला समजतो, पण पटत नाही.

तो हिशेब उलटवलेली जागा फुकुशिमात आहे. आइझुवाकामात्सू ते निगाता प्रांतातलं कोइदे, १३५ किलोमीटरची तादामी लाइन. या दऱ्यांत रेल्वे आली ती बरीचशी धरणांमुळे. आइझु-कावागुचीच्या पुढचा तुकडा तागोकुरा धरणाच्या बांधकामाचं सामान नेण्यासाठी घातला गेला आणि नंतर प्रवाशांना खुला झाला. १९७१ मध्ये ६,३५९ मीटरचा रोकुजूरिगोए बोगदा झाला आणि दोन्ही टोकं जुळली. आपल्या कोकण रेल्वेवरच्या करबुडे बोगद्याहून तो थोडासाच लहान. २०११ च्या जुलैत, त्सुनामीला पाच महिने होत नाहीत तोच, अतिवृष्टीत तादामी नदीवरचे पूल वाहून गेले. आइझु-कावागुची ते तादामी या २७.६ किलोमीटरच्या तुकड्यावरून त्याआधीच्या वर्षात दिवसाला सरासरी ४९ माणसं जात होती.

एकोणपन्नास माणसांसाठी सुमारे ९ अब्ज येन. कोणत्याही कचेरीत हा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडकला असता. पण फुकुशिमा प्रांत आणि नदीकाठची गावं हटली नाहीत. हिवाळ्यात निगाताकडे जाणारा घाटरस्ता बर्फानं बंद होतो, तेव्हा तादामीहून पलीकडे जायला हा बोगदाच उरतो. हा मुद्दा होताच. शेवटी तोडगा निघाला तो असा : दुरुस्तीचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातून, रूळ-पूल प्रांताच्या मालकीचे, त्यांच्या देखभालीचा भार प्रांत आणि गावांवर, आणि जेआर ईस्टनं फक्त गाड्या चालवायच्या. अकरा वर्षं लोकांनी त्या तुकड्यावर बसनं प्रवास केला. १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी परत आली.

या मार्गावर पूर्ण अंतर जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीनच, पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी. एक चुकली की दिवस हिशेबाबाहेर जातो. मी आदल्या दिवशी मिशिमाच्या टेकडीवर चढून तादामी नदीवरचा पहिला पूल पाहिला होता. जांभळट पोलादी कमान, खाली हिरवं स्थिर पाणी, त्यात कमानीचं पूर्ण प्रतिबिंब. तीस-चाळीस माणसं तिवया रोवून गप्प उभी. तैवानहून आलेली दोन कुटुंबं होती. गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला, मग दोन डबे झाडीतून निघाले आणि पुलावर येताच मुद्दाम मंदावले. अर्धं मिनिट फक्त कॅमेऱ्यांचे आवाज. नदीकाठची मेपल आणि बीचची झाडं वरच्या टोकाला लाल झालेली, खाली अजून हिरवी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत जागा मिळाली. दरीत धुकं होतं, यानाइझूपर्यंत काही दिसलं नाही, आणि मग एका पुलावर धुकं पाण्यालगत राहिलं आणि आम्ही त्याच्या वर आलो. आइझु-कावागुचीचा फलाट नदीच्या इतका कडेला आहे की गाडीतून उतरणारा माणूस पाण्यात पाय टाकेल असं वाटतं. तिथं बरेच जण उतरले, फोटो काढून परत वर चढले. पुढे तो परत आलेला तुकडा सुरू झाला. नव्या पुलांचं पोलाद अजून कोरं दिसत होतं. प्रत्येक पूल आला की डब्यातले सगळे एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे धावत होते, मीही.

फक्त एक शाळकरी मुलगी जागची हलली नाही. गणवेश, मांडीवर दप्तर, डोकं काचेला टेकलेलं, गाढ झोप. तिच्या डोक्याच्या मागे नदी वळत होती, धरणाची भिंत येऊन गेली, कोणीतरी तिच्या अंगावरून वाकून फोटोही काढला. तादामी यायच्या दोन मिनिटं आधी तिनं डोळे उघडले, दप्तर खांद्याला लावलं, पास हातात घेतला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडल्यावर चालकाला पास दाखवून ती उतरली आणि मागे न बघता स्टेशनाबाहेर गेली.